मंद्रूपच्या माळावर ठेवून आलेली मिशी

आश्विन सरता सरता मी सोलापूरकडून चिपळूणला घरी परतलो, तेव्हा अंगणात पहिली गाठ आईशी पडली. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, हातातलं सूप खाली ठेवलं आणि झटकन मागे वळून ओसरीकडे पाहिलं. ओसरीवर वडील अडकित्त्याने सुपारी कातरत बसले होते. ते धडधाकट आहेत अशी खात्री झाल्यावर ती म्हणाली, "मेल्या, बाप जिवंत असताना मिशी कुठे उतरवून आलास?"

त्यानंतर आळीतल्या प्रत्येकाने हेच विचारलं. उभ्या उभ्या, एका वाक्यात सांगण्यासारखी ही हकीगत नाही. शिवाय आमच्याकडच्या लोकांनी घाटापलीकडचा तो मुलूख पाहिलेला नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहून काढतो. ज्याला मिशीचीच तेवढी उत्सुकता असेल, त्याने शेवटाकडे उडी मारली तरी माझी हरकत नाही, पण मग त्याला ती का गेली हे कळणार नाही.

मी शेतकी खात्यात नोकरीला आहे आणि माझं काम गवताचं. आमच्याकडे हे सांगितलं की लोक हसतात. कोकणात गवत कुणी पेरत नाही, कुणी जपत नाही, ते कौलांवरसुद्धा उगवतं. पण सोलापूरच्या दक्षिणेकडे पाऊस मोजून मापून पडतो, आणि माळावर गवत किती आलं यावर बैल उन्हाळा कसा काढणार ते ठरतं. गवताचं मुख्य अन्न नत्र. हवेत ते रग्गड आहे, पण गवताच्या पात्याला ते हवेतून ओढून घेता येत नाही, मुळांना जमिनीतच मिळावं लागतं. आता विलायतेहून अमोनियम सल्फेट नावाची पांढरी पावडर येऊ लागली आहे, तिच्यात हे नत्र भरपूर असतं. ती माळावर टाकली तर गवत किती वाढतं, हे पाहण्यासाठी मला आषाढात मंद्रूपजवळच्या एका गावी पाठवलं होतं.

तिथल्या शिवलिंगप्पा पाटलांच्या कुरणात मी एका ओळीत दहा वाफे आखले आणि भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. एकाआड एक पाच वाफ्यांना पावडर दिली आणि तिथे पांढऱ्या खुंट्या ठोकल्या. मधल्या पाचांना काहीच दिलं नाही, तिथे काळ्या खुंट्या. न दिलेल्याशी ताडून पाहिल्याशिवाय दिल्याचा गुण कळत नाही, हे मला इतकं उघड वाटत होतं की ते गावात कुणाला समजावून सांगावं, असं मनातही आलं नाही.

समजावून सांगण्याऐवजी मी चावडीवर बसून बढाई मारली. पाटील हा भला पण रोखठोक गृहस्थ. त्यांच्या माळाच्या मुरमाड बाजूला पावसाळाभर एका धनगरणीची मेंढरं बसायची, ही तिथली जुनी रीत. मेंढरं बसतात, लेंड्या-मूत जमिनीला मिळतं आणि पाटील त्याबद्दल तिला ज्वारी देतात. पाटलांना मेंढरांचा वास आणि कुत्र्यांचं भुंकणं नकोसं झालं होतं. ते म्हणाले, "तुमची पावडर येवढं करती म्हनता, मग मेंढरं ठिवायची कशाला?"

मी मिशीवरून हात फिरवला. माझी मिशी तेव्हा फारच झोकदार होती. मी म्हणालो, "पांढऱ्या खुंट्यांचं गवत काळ्यांच्या दुप्पट भरलं नाही, तर इथे चावडीसमोर मिशी उतरवीन."

"ठरलं की," पाटील म्हणाले. "दुप्पट भरलं तर पुढल्या सालापास्नं मेंढरं माळावर न्हाईत. न्हाय भरलं तर बसू देत हायेत तशी."

चावडीवरचे सगळे हसले आणि मीही हसलो. ही धनगरीण कोण, माळ सुटला तर ती जाणार कुठे, हे मी विचारलंसुद्धा नाही.

होटगी

आश्विनात गवत कापून तोलायला मी पुन्हा निघालो. पुण्याहून होटगीपर्यंतचा आगगाडीचा प्रवास सर्वांना ठाऊक असतो तसाच झाला. होटगीला मात्र उतरल्याबरोबर माणूस बुजतो. आमच्याकडे चारी बाजूंना डोंगर असल्याने आभाळ आपल्या वाट्याला परसाएवढं येतं. इथे ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत उघडंच पडलेलं. फलाटावर कानडी, मराठी आणि तेलुगू एकाच वेळी ऐकू येतं आणि माणसं मधेच एका भाषेतून दुसरीत शिरतात, आपण एका खोलीतून दुसरीत जातो तितक्या सहज.

पाटलांचा गडी मल्लू बैलगाडी घेऊन आला होता. माझं सामान म्हणजे एक वळकटी, दोन विळे, एक तराजू आणि वजनांची जड पेटी. त्याने पेटी उचलून पाहिली आणि विचारलं, "दगडं आनलीत व्हय सायेब?"

गाडीत बसल्यावर त्याने धडप्यातून कडक भाकरी काढली. ही ज्वारीची भाकरी पापडासारखी पातळ आणि वाळवून ठेवलेली असते, आठ-आठ दिवस टिकते. तिच्यावर शेंगांची चटणी आणि कच्चं तेल. मी पहिला घास मोडला तो कडाकडा आवाज करत माझ्या सदऱ्यावर सांडला. मल्लूने आपला तुकडा चटणीत दाबून कसा खायचा ते सावकाश करून दाखवलं. मासळीशिवाय जेवण म्हणजे उपास, असं मानणारा मी माणूस, पण त्या चटणीपुढे मी दिवसभर मासळीचं नाव काढलं नाही.

सीना

सीना नदी वाटेत आडवी आली. पाणी गुडघाभरच होतं. मल्लू म्हणाला, "पेटी मांडीवर घ्या." मी म्हणालो, "काही होत नाही." बरोबर मध्यावर डावं चाक एका खळग्यात बसलं, गाडी कलंडली आणि पेटी तराजूसकट सरळ पाण्यात गेली. आम्ही दोघं बराच वेळ कमरेत वाकून गाळ चाचपत होतो. तराजू मिळाला, काही वजनं मिळाली, पण मोठी सगळी सीनेने ठेवून घेतली. मी समुद्राकाठचा माणूस असून गुडघाभर पाण्यात हरलो, याचं मल्लूला फार नवल वाटलं. त्याने ते बैलांनाही दोनदा सांगितलं.

मंद्रूपचा बाजार

सुदैवाने दुसऱ्या दिवशी मंद्रूपचा आठवड्याचा बाजार होता. आमच्याकडचा बाजार म्हणजे ओल्या वासांचा, इथे सगळं कोरडं: ज्वारीच्या राशी, मिरच्या, शेंगा, घोंगड्या, बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा. मी एका धान्याच्या व्यापाऱ्याकडे मोठी वजनं उसनी मागितली. कपाळाला भस्म लावलेला तो म्हातारा गिऱ्हाइकाशी कानडीत बोलता बोलता माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "तोलनार काय?"

"गवत."

"ओलं का वाळलं?"

मी चपापलो. ओल्या गवताच्या वजनात पाणीच फार, हे मला शिकायला कॉलेजात जावं लागलं होतं. मी म्हणालो, "कापून दोन दिवस उन्हात वाळवून." तेव्हा त्याने समाधानाने मान डोलावली आणि वजनं काढून दिली. माझ्या परीक्षकांनी इतका नेमका प्रश्न कधी विचारला नव्हता.

कुरण

गाव आणखी दीड कोसावर. पाटलांचा माळ लांबून दिसू लागला तसा मी गाडीत उभा राहिलो. आषाढात मी सांगून गेलो होतो की लुगड्याच्या पट्ट्यांसारखे वाफे दिसतील, एक गडद, एक फिका. प्रत्यक्षात कुंपणाच्या आत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच दाट हिरवं-पिवळं गवत डुलत होतं. पट्टे नव्हतेच.

"लई झ्याक आलंय की सायेब," मल्लू म्हणाला. "सगळंच."

ते "सगळंच"च मला नको होतं. मी खाली उतरून आत शिरलो. पांढऱ्या खुंटीच्या वाफ्यात कुसळी गवत माझ्या कमरेला लागत होतं, पण ते दूर सारून पाहिलं तर खाली जमीन मोकळी. रानमूग, रानमटकी यांचे जे बारके वेल माळावर गवताच्या पायाशी सरपटतात, ते सावलीत गुदमरून गेले होते. काळ्या खुंटीच्या वाफ्यात गवत वीतभर बुटकं, पण दाट, आणि त्याच्या अंगावर रानमुगाचे वेल चढलेले. ज्याला मी काहीही दिलं नव्हतं, तो वाफा असा कसा? मी खाली बसून बोटांनी माती उकरली. मातीत लेंड्या होत्या, पावसाने विरघळून निम्म्या झालेल्या. पाच काळ्या वाफ्यांत त्या होत्या, पाच पांढऱ्यांत एकही नव्हती. कुंपणाच्या काट्याला लोकरीचा पुंजका अडकला होता.

पलीकडच्या उतारावर मेंढरं चरत होती. त्यांच्यामागे पन्नाशीची एक उंच बाई, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. पाटील जिच्याबद्दल बोलले होते ती हीच, सत्यव्वा. नवरा गेल्यापासून कळप तीच सांभाळते. मी तिला गाठलं आणि विचारलं, "मेंढरं कुंपणात बसवली होतीस का?"

"व्हय की," ती म्हणाली. लपवाछपवी अजिबात नाही. "काटं बाजूला सारलं, चार-चार राती एकेका तुकड्यावर बशिवली, आन् काटं पुन्हा जसंच्या तसं लावलं. बगा की, कुटं मोडलंय का?"

"पण कुणी सांगितलं होतं?"

"सांगाय कशाला पायजे? मी हितनं बगत हुते. तुमी एका वळीत धा जनांना बशिवलं. पाच जनांना वाढलं आन् मदल्या पाच जनांची पानं कोरडी ठिवली. म्हनलं, सायबाची पावडर सरली आसंल, लाजंनं बोलला न्हाय बिचारा. एका पंगतीत आसं करू न्हाई सायेब, पाप लागतं. म्हून मग उपाशी व्हते त्येंना मी वाढलं."

मला आधी राग आला, मग हसू आलं आणि मग स्वतःचीच लाज वाटली. पंक्तिप्रपंच करू नये, हे माझ्या आईनेही मला लहानपणी शिकवलं होतं. आषाढात मी ओळीने पंक्तिप्रपंच केला, का केला हे कुणाला सांगितलं नाही, आणि या बाईने आपल्या कळपाचं खत, ज्याच्या बदल्यात तिला ज्वारी मिळते, ते फुकट माझ्या पानांवर वाढलं होतं.

मी कुंपणाकडे बोट दाखवलं. दहाव्या वाफ्यापलीकडे एक तिरका कोपरा उरला होता. आखणीत बसला नाही म्हणून मी तो सोडून दिला होता. तिथलं गवत जेमतेम गुडघ्याखाली आणि विरळ. "तिथे नाही बसवलीस?"

"तितं खुटी न्हवती," ती म्हणाली. "मला वाटलं, त्यो पंगतीतला न्हाय."

चावडी

गोष्ट पाटलांच्या कानावर जायला वेळ लागला नाही. त्यांनी मला "बर्री, बर्री", म्हणजे कानडीत या, या, म्हणत घरात नेलं, गव्हाची हुग्गी वाढली. ही गुळातली खीर इतकी घट्ट असते की पळी उभी राहते. वर तुपाची धार धरली आणि माझं ताट रिकामं झाल्यावरच बोलले. रागावलेला माणूससुद्धा पाहुण्याला आधी जेवू घालतो, ही रीत आमच्याकडेही आहे, पण इतक्या तुपासकट नाही.

"सरकारी कुंपन उसकलं तिनं," ते म्हणाले. "तुमचं चार म्हैन्याचं काम गेलं. पैज बी मोडली. आता तुमी पुढल्या साली पुन्हा करा, आन् तिला मी उद्याच पालं उचलाय लावतो."

संध्याकाळी चावडीसमोर सत्यव्वाला बोलावलं. पैज कसली ते तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिला फक्त माळ सोडायला सांगण्यात आलं. ती म्हणाली, "पाटील, पावसाळ्यात काळ्या रानात चिखूल आसतो. तितं खुरं सडत्यात. धनी गेलं त्या साली आमी काळ्या रानात हुतो, निम्मी मेंढरं तशीच गेली. दुसरा मुरमाड माळ जवळ न्हाय. राहिलेली बी घालवू का?"

पाटील माझ्याकडे पाहू लागले. कुंपण माझं होतं आणि तक्रारही माझीच धरली जाणार होती. खरं सांगायचं तर पाटलांनी मला सुटायची चांगली वाट काढून दिली होती. प्रयोग बिघडला म्हणायचं, मिशी शाबूत ठेवायची आणि पुढच्या वर्षी नव्या खुंट्या घेऊन यायचं. मी म्हणालो, "आधी तोलू. तोपर्यंत कुणी पालं उचलायची नाहीत."

दोन दिवस मी, मल्लू आणि चार माणसं कापत होतो, आणि गवत उन्हात पसरत होतो. कुसळी गवताची टोकदार कुसळं माझ्या धोतरात अशी घुसली की बसताना मला जागा निवडावी लागे. तिसऱ्या दिवशी व्यापाऱ्याच्या वजनांनी पाटलांसमोर तोललं. पांढऱ्या खुंट्या आणि काळ्या खुंट्या यांचं वजन जवळजवळ सारखं भरलं. पांढऱ्यांचं पारडं किंचित झुकलं, एवढंच. मग मी सोडून दिलेल्या कोपऱ्यातलं तेवढ्याच मापाच्या जागेचं गवत तोललं. ते निम्म्याहूनही कमी.

हे पाहून मला फार बरं वाटलं. माळ नत्रासाठी भुकेला होता हे माझं म्हणणं पक्कं खरं होतं. पावडरीने गवत भरपूर वाढलं होतं. फक्त ते अन्न मेंढरंही देत होती, आणि ती फार आधीपासून देत होती. आमच्याकडे भाताच्या रोपासाठी शेण-पातेरा जाळून राब भाजतात, इथे मेंढरं बसवतात, पोट भरायचं ते जमिनीचंच.

पाटलांनी पांढऱ्या आणि काळ्या वाफ्यांची एकेक पेंढी उचलली. हा माणूस बैलांत वाढलेला. त्यांनी पांढऱ्याची पेंढी हातावर घासली, मग काळ्याची उकलली आणि वास घेतला. त्यातून रानमुगाचा वाळका वेल ओढून काढला. "ह्यात मूग हाय," ते हळूच म्हणाले. "ह्ये बैल आदी खातील. त्यो दुसरा उंच लई, पन कुसळानं तोंडं फुटतील."

"कुसळ यायच्या आत कापलं असतं तर तोही चांगला," मी म्हणालो. पावडरीची बाजू सोडायला मी तयार नव्हतो आणि आजही नाही. "पण पाटील, पैज कशावर होती? पांढऱ्या आणि काळ्या खुंट्यांवर. दुप्पट भरलं का?"

"न्हाय, पन तिनं मेंढरं..."

"खत कुणी घातलं हे पैजेत नव्हतं. काळ्यांना काही घालायचं नाही, हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. चूक माझी. मी हरलो. तुमचा शब्द काय होता?"

पाटलांनी तो वेल परत पेंढीत खोचला. मग म्हणाले, "बसू देत हायेत तशी, आसा व्हता." आणि पुढे स्वतःहूनच म्हणाले, "हितनं फुडं बी."

मी न्हाव्याला बोलवायला सांगितलं. न्हावी आला, पण वस्तरा काढेना. "वडील हायेत न्हवं तुमचे? मग मी हात लावनार न्हाय. आसलं वंगाळ काम कोन करंल?" शेवटी पाटलांनी दोष आपल्या माथ्यावर घेतला, तेव्हा त्याने डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि मग उघडून काम केलं. ओठावर वारा लागला तसं मला उघड्या अंगाने बाजारात उभं असल्यासारखं वाटलं. चावडीवर कुणी हसलं नाही. मला ते हसले असते तर बरं वाटलं असतं.

अहवाल मी तिथेच बसून लिहिला: पावडरीने काय वाढलं, मेंढरांनी काय वाढलं, कोपऱ्यात काय राहिलं, आणि दाट उंच गवताखाली कोणते वेल मेले. प्रयोग कसा बिघडला तेही जसंच्या तसं लिहिलं. वरिष्ठांनी पुढे समासात एकच ओळ लिहून पाठवली, की पुढच्या वेळी काळ्या खुंट्यांचा हेतू आधी गावाला समजावून द्यावा.

निघताना

निघायच्या दिवशी दुपार कलताना गाडी कुरणावरून गेली. सत्यव्वा वाटेवर आडवी आली. हातात लोटाभर मेंढीचं दूध होतं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला.

"कोन गेलं सायेब? वडील?"

"नाही, सत्यव्वा. सगळे सुखरूप आहेत."

"मग आसं का?"

मल्लू तोंड उघडणार होता, मी त्याला कोपराने ढोसलं. "पंगतीत वाढायला चुकलो," मी म्हणालो. "त्याचं प्रायश्चित्त."

तिला ते पटलं असावं. तिने मान हलवली, दूध दिलं आणि मी पिऊन लोटा परत करेपर्यंत उभी राहिली. ते दूध इतकं दाट होतं की ओठावर साय राहिली, आणि ती पुसताना मिशी नाही हे मला पुन्हा कळलं. मग तिने कुंपणाकडे, त्या विरळ कोपऱ्याकडे पाहिलं.

"तुमचं तोलायचं काम सरलं न्हवं?"

"सरलं."

"मग त्यो कोपरा? पंगतीतला नसंना का, दारात आलेला हाय की. त्येला तरी आता वाढू का?"

मी खाली उतरलो आणि तिच्याबरोबर काटे बाजूला केले. मेंढरं एकामागून एक आत शिरली, आधी त्या कोपऱ्यातलं उरलंसुरलं खाल्लं आणि मग एकमेकांना टेकून तिथेच बसली. आम्ही काटे पुन्हा लावले, तिने दाखवले तसे, आणि मी गाडीत येऊन बसलो.